सासूबाईंचे चार पेट स्कॅन, दोन सेंटर आणि लिम्फोमाची ट्रीटमेंट: अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी वाचा

आमच्या घरी गेल्या वर्षभरात चार पेट स्कॅन झाले. खरं तर तीनच व्हायला हवे होते, एक जास्तीचा का करावा लागला ते सांगायलाच हे लिहायला बसलेय. सेंटरची नावं मुद्दाम टाकत नाहीये, स्टाफ बदलतो, मशीन बदलतं, आज मला जे चांगलं वाटलं ते तुम्ही जाल तेव्हा तसंच असेल असं नाही. म्हणून एकाला दादरचं सेंटर म्हणते आणि दुसऱ्याला घराजवळचं. आम्ही भांडुपला राहतो.

पेशंट म्हणजे माझ्या सासूबाई, वय ५४, बारा वर्षांपासून शुगर आहे. मानेत गाठ आली, आधी टीबीच असेल असं धरून दीड महिना गेला, सुईच्या तपासणीतून काही नक्की कळेना, शेवटी अख्खी गाठ काढून बायोप्सी केली तेव्हा हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लिम्फच्या गाठींचा एक कॅन्सर निघाला, स्टेज ३. घरात सगळ्यांचं जेवणच गेलं होतं आठवडाभर. मग ऑन्कोलॉजिस्टने, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांनी केमो सांगितली, ए-बी-व्ही-डी, म्हणजे चार औषधं एकत्र, दर पंधरा दिवसांनी एक डोस आणि दोन डोस मिळून एक सायकल, अशा सहा सायकल. आणि पहिल्याच दिवशी त्यांनी एक वाक्य सांगितलं जे मला तेव्हा कळलं नाही, की "आत्ताचा स्कॅन महत्त्वाचा आहेच, पण दोन सायकलनंतरचा स्कॅन पुढची सगळी दिशा ठरवणार, तेव्हा दोन्ही नीट करून घ्या."

पहिला स्कॅन केमोच्या आधी, दादरच्या सेंटरला. फोन केला तेव्हा पलीकडच्या मॅडमनी दहा मिनिटं प्रश्नच विचारले. डायबेटिस आहे का, कोणत्या गोळ्या, इन्सुलिन आहे का, वजन किती, बायोप्सी कधी झाली, हल्ली काही इन्फेक्शन, लस घेतलीय का, आधीचा कुठला स्कॅन आहे का. मला तेव्हा वाटलं अपॉइंटमेंटसाठी एवढं कशाला. आता वाटतं की हेच प्रश्न विचारतात की नाही यावरून सेंटर कसं आहे ते फोनवरच कळतं.

स्कॅनमधे नक्की काय होतं ते मला समजलं तसं सांगते. लिम्फोमाच्या पेशी साखर भरभरून खातात. म्हणून साखरेसारखाच एक पदार्थ, एफडीजी, त्याला फ्लोरिन-१८ नावाचा रेडिओॲक्टिव्ह भाग जोडून शिरेतून देतात आणि तासाभराने मशीन बघतं की ती साखर शरीरात कुठे कुठे जमली. जिथे जास्त खाल्ली तिथे चमकतं. मेंदू चमकतो, हृदय बऱ्याचदा चमकतं, किडनी आणि लघवीची पिशवी चमकतेच, ते नॉर्मल. सोबत सीटी पण होतं त्यात गाठीचा आकार दिसतो. म्हणजे सीटी सांगतं गाठ केवढी आहे आणि पेट सांगतं ती जिवंत आहे का. हा फरक लक्षात ठेवा, पुढे याच्यावरच सगळं आहे.

आता यात मेख अशी की शरीरातली साखर आणि ही इंजेक्शनची साखर एकमेकींशी स्पर्धा करतात, रक्तात आधीच शुगर जास्त असेल तर गाठीला एफडीजी कमी मिळते आणि स्कॅन कमी दाखवतो. म्हणून चार ते सहा तास उपाशी, फक्त साधं पाणी, आणि शुगर साधारण २०० च्या खाली पाहिजे, नाहीतर चांगलं सेंटर इंजेक्शन देतच नाही, दुसऱ्या दिवशी या म्हणतं. दादरवाल्यांनी आदल्या दिवशीचं जेवण पण सांगितलं होतं, भात पोळी बटाटा फळं गोड सगळं बंद. गुरुवार होता, आईंना, म्हणजे सासूबाईंना, अंडं चालत नाही, मग पनीर आणि पालेभाजी खाऊन झोपल्या. आदल्या दिवशी जिने चढणं, जड उचलणं पण नको, नाहीतर स्नायू चमकतात. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने आतडी खूप चमकतात त्यामुळे ती आधी बंद ठेवायची का आणि किती दिवस हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, स्वतःहून बंद करू नका.

शुगरवाल्यांना सकाळचा पहिला स्लॉट देतात. आम्ही पहाटेची लोकल पकडली, दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं, फाइल हातात ठेवायची. आईंचं सगळ्यात मोठं दुःख म्हणजे चहा नाही. उठल्यापासून चहा नाही ही गोष्ट त्यांना कॅन्सरपेक्षा जास्त लागली होती त्या दिवशी, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

सेंटरला गेल्यावर वजन, उंची, मग ग्लुकोमीटरवर शुगर, १४८ आली. मग आतल्या खोलीत इंजेक्शन, सिरिंज जाड धातूच्या आवरणात असते, नातेवाईकांना तिथे थांबू देत नाहीत. त्यानंतर एक तास आरामखुर्चीत पडून राहायचं, ब्लँकेट देतात कारण थंडीने मान आणि खांद्यातली एक प्रकारची चरबी चमकायला लागते आणि मानेतल्या गाठींशी गोंधळ होतो. बोलायचं नाही, मोबाईल नाही, काही चघळायचं नाही. आई ओठ हलवत स्वामींचं नाव घेत होत्या तर तिथल्या टेक्निशियन मुलीने येऊन सांगितलं, "काकू, मनातल्या मनात घ्या हं, बोललं की घशाचे स्नायू चमकतात आणि डॉक्टरांना वाटतं तिथे पण काहीतरी आहे." इतक्या गोड आवाजात सांगितलं की आईंनी डोळे मिटले ते तासभर उघडले नाहीत. मग लघवीला जाऊन यायचं आणि मशीनमधे वीसेक मिनिटं, हात डोक्यावर. खांदा दुखतो, पण आवाज नाही, एमआरआयसारखं घाबरायला होत नाही.

घरी माझा चार वर्षांचा मुलगा आहे. त्या दिवशी त्याला आजीजवळ जाऊ द्यायचं नव्हतं, माझ्या आईकडे ठेवला. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, म्हणजे सहा तासांत साधारण दहावा हिस्साच उरतो, शिवाय भरपूर पाणी प्यायलं की लघवीतून जातं. लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून तेवढे तास लांब, बास. त्यासाठी वेगळी खोली, वेगळी भांडी असलं काही आम्हाला सांगितलं नव्हतं, उगाच पेशंटला वाळीत टाकल्यासारखं करू नका.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला. मान, छातीचा मधला भाग, पोटातल्या काही गाठी. छातीतली सगळ्यात मोठी, ५.८ सेंटिमीटर, चमक १४.२. या चमकेच्या आकड्याला एसयूव्ही म्हणतात.

मग केमो सुरू झाली. चार डोस झाले, केस गेले, तोंड आलं, वजन सहा किलो उतरलं. दुसऱ्या स्कॅनची वेळ आली तेव्हा आई म्हणाल्या आता ती दादरची गर्दी माझ्याच्याने होणार नाही. घराजवळ एक सेंटर होतं, रिक्षाने दहा मिनिटं, दादरपेक्षा साडेतीन हजार कमी. नवरा म्हणाला पेट स्कॅन तो पेट स्कॅन, मशीन तर तसंच असणार. मलाही पटलं. डॉक्टरांना विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

तिथे फोनवर एकच प्रश्न, कॅश की यूपीआय. स्लॉट दुपारी बाराचा. आधीचा स्कॅन आहे का कोणी विचारलं नाही, मी सीडी घेऊन गेले होते ती रिसेप्शनवर म्हणाले राहू दे, रिपोर्टचा फोटो चालेल. बारा वाजता शुगर २३१ आली, केमोसोबतच्या स्टिरॉईडने आधीच वाढलेली असायची. त्यांनी परत पाठवायला हवं होतं. त्याऐवजी इन्सुलिन टोचलं, चाळीस मिनिटांनी शुगर १८० दिसली की लगेच एफडीजी दिली. मला त्यातलं काही कळत नव्हतं, उलट बरं वाटलं की आजच काम होतंय. बसायच्या खोलीत एसी फुल, ब्लँकेट नाही, मी माझी ओढणी दिली.

तो रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि फिल्म बघितल्या. दंड, मांड्या, पाठ, सगळे स्नायू चमकत होते. त्यांनी समजावलं की इन्सुलिन साखरेला स्नायूंमधे ढकलतं, म्हणून इन्सुलिन दिलं तर काही तास थांबावं लागतं, इथे थांबले नाहीत त्यामुळे एफडीजी सगळी स्नायूंनी खाल्ली. आता गाठ चमकत नाहीये ती केमोने मेली म्हणून, की तिला खायलाच मिळालं नाही म्हणून, हे यातून सांगता येत नाही. आणि रिपोर्टमधे नुसतं लिहिलं होतं की आधीपेक्षा बरीच सुधारणा. कशाच्या तुलनेत? आधीच्या फिल्म तर त्यांनी उघडल्याच नव्हत्या.

मी तिथे रडले. पैशासाठी नाही, आईंना परत सुई, परत उपास, परत रेडिएशन, आणि पुढची केमो चार दिवस लांबली म्हणून.

हा स्कॅन इतका महत्त्वाचा का, ते डॉक्टरांनी त्या दिवशी कागदावर लिहून समजावलं. लिम्फोमाच्या स्कॅनला मार्क द्यायची एक पद्धत आहे, डोव्हिल स्कोर म्हणतात, फ्रान्समधल्या डोव्हिल गावात २००९ साली डॉक्टरांची बैठक झाली होती त्यावरून नाव. यात फूटपट्टी पेशंटच्याच शरीरातली असते. एक, छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांमधलं रक्त किती चमकतं, आणि दुसरी म्हणजे लिव्हर किती चमकतं. गाठ अजिबात चमकत नसेल तर स्कोर १, रक्ताइतकी किंवा त्याहून कमी असेल तर २, रक्तापेक्षा जास्त पण लिव्हरच्या आत असेल तर ३, लिव्हरपेक्षा बऱ्यापैकी जास्त तर ४, आणि लिव्हरपेक्षा खूपच जास्त किंवा नवीन जागी आजार दिसला तर ५. साधारण तीनपर्यंत केमोने काम केलं असं धरतात, चार-पाच आलं की विचार बदलावा लागतो. आता एफडीजी स्नायूंनीच पळवली तर ही फूटपट्टीच वाकडी होते, मग माप कसलं घेणार.

आणि त्या मापावर औषध ठरतं. ए-बी-व्ही-डी मधलं बी म्हणजे ब्लिओमायसिन, ते फुफ्फुसांना त्रास देऊ शकतं, वय वाढेल तसा धोका जास्त. २०१६ मधे रॅथल नावाच्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला, बाराशेच्या वर हॉजकिनचे पेशंट होते, दोन सायकलनंतर ज्यांचा पेट चांगला आला त्यातल्या निम्म्यांचं ब्लिओमायसिन बंद केलं आणि निम्म्यांचं चालू ठेवलं. तीन वर्षांनी बघितलं तर आजार न वाढता राहिलेले चालू ठेवणाऱ्यांमधे ८५.७ टक्के आणि बंद करणाऱ्यांमधे ८४.४ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच, आणि फुफ्फुसाचा त्रास कमी. ज्यांचा पेट चांगला नाही आला त्यांना जास्त कडक केमो दिली. म्हणजे आमच्या आईंचं फुफ्फुस वाचवायचं की कडक औषधाकडे जायचं हे त्या वीस मिनिटांच्या फोटोवर ठरणार होतं, आणि आम्ही साडेतीन हजार वाचवायला गेलो.

तिसरा स्कॅन परत दादरला, त्याच मशीनवर. यावेळी फोनवर आणखी एक प्रश्न आला, पेशी वाढवायचं इंजेक्शन कधी घेतलं? केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरल्या की देतात ना ते. त्याने हाडांमधला सगळा मगज चमकतो आणि आजार पसरल्यासारखा दिसू शकतो, म्हणून मधे दिवस जाऊ द्यायचे. आमचं घेऊन बरेच दिवस झाले होते. पण त्यांनी विचारलं.

आणि त्यांनी आधीची सीडी मागितली, स्वतःचाच स्कॅन त्यांच्या सिस्टीमला होता तरी घराजवळच्या सेंटरची पण मागितली. वेटिंगमधे आमच्या शेजारी लातूरकडचं एक जोडपं होतं, गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेलं, त्यांची पहिली सीडी गावाला राहिली होती, फक्त कागद आणला होता. काउंटरवरच्या दादांनी त्यांना नीट समजावलं की कागदावर नुसते आकडे असतात, डॉक्टरांना दोन्ही चित्रं शेजारी लावून बघायची असतात, मग त्यांच्या मुलाला फोन लावून दिला आणि जिथे स्कॅन झाला तिथून चित्रं कशी मागवायची ते सांगितलं. मला हे फार आवडलं. त्या माणसाने मराठीत, घाई न करता, तीनदा सांगितलं.

बाकी सगळं पहिल्यासारखंच, शुगर १५२, ब्लँकेट, आणि इंजेक्शन ते स्कॅन बरोबर एक तास. घड्याळ बघून. पहिल्या वेळी पण तासच होता. ही शिस्त का पाहिजे ते आता कळतं, एकदा पन्नास मिनिटांनी आणि एकदा दीड तासाने फोटो काढला तर चमकच वेगळी येते, मग तुलना कशाची करायची.

रिपोर्ट आला. छातीतली गाठ ५.८ वरून २.१ सेंटिमीटर. चमक १.९, रक्ताची २.१, लिव्हरची २.८. खाली स्पष्ट लिहिलेलं, डोव्हिल स्कोर २, आणि आधीच्या स्कॅनच्या तारखेसकट गाठीगणिक तुलना. आईंनी आधी फक्त २.१ सेंटिमीटर बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे गाठ आहेच की अजून." बऱ्याच घरी हीच भीती असते म्हणून सांगते, ती उरलेली गाठ मेलेला, वाळलेला भाग असू शकते, जखमेच्या खपलीसारखी, चमकत नाही म्हणजे आत जिवंत आजार दिसत नाही. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी लावून दाखवले तेव्हा त्यांना पटलं. पहिल्यात छातीत दिवा लावल्यासारखा आणि दुसऱ्यात काही नाही. ब्लिओमायसिन बंद झालं, उरलेल्या चार सायकल तीनच औषधांच्या.

चौथा स्कॅन केमो संपल्यावर, लगेच नाही, सात आठवड्यांनी. लगेच केला तर औषधाने आलेली सूज चमकते आणि फसवते. रेडिएशन दिलं असेल तर अजून जास्त थांबतात, तीनेक महिने. यावेळी जबड्याजवळ एक नवीन ठिपका चमकला. रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट द्यायच्या आधी आम्हाला फोन केला, दाताचं काही चालू आहे का? होतं, डावी दाढ महिनाभर ठणकत होती, आईंनी कोणाला सांगितलं नव्हतं. मग त्यांनी तसं लिहिलं की हा ठिपका लिम्फोमाचा वाटत नाही, दात दाखवा, बाकी स्कोर १. तो फोन केला नसता तर आम्ही पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत मेलो असतो काळजीने. पेट म्हणजे फक्त कॅन्सरच चमकतो असं नाही, इन्फेक्शन चमकतं, टीबीच्या गाठी चमकतात, लस घेतली की काखेतल्या गाठी चमकतात. आपल्याकडे टीबी इतका आहे की नवीन काही चमकलं तर आधी बायोप्सी करून बघूया असं डॉक्टर म्हणाले तर घाबरू नका, ते बरोबर करतायत.

आता तक्रारी, दादरच्या सेंटरच्या पण आहेत. एकदा डोस उशिरा आला, दोन तास बसलो. एफडीजी साठवून ठेवता येत नाही, सायक्लोट्रॉन नावाच्या मोठ्या मशीनमधे बनवून लगेच गाडीने आणावी लागते आणि मुंबईचं ट्रॅफिक सगळ्यांना माहीत आहे, ते मी समजू शकते. देशातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन इथेच परळला रेडिएशन मेडिसिन सेंटरमधे २००२ साली आलं, म्हणजे आपण त्या मानाने नशीबवान, गावाकडच्या पेशंटला तर यासाठी अख्खा प्रवास करावा लागतो. पण उशीर होतोय हे आम्हाला घरीच फोन करून सांगता आलं असतं, शुगरचा पेशंट उपाशी बसवून ठेवणं बरोबर नाही, चक्कर आली असती तर? रिपोर्ट फक्त इंग्रजीत, खाली दोन ओळी मराठीत लिहायला काय हरकत आहे. इंजेक्शन झालेल्या पेशंटना एकच टॉयलेट, आणि सगळ्यांना पाणी प्यायला सांगतात, म्हणजे रांग लागतेच.

पैसे, आम्हाला दादरला प्रत्येक वेळी साडेपंधरा हजार पडले, घराजवळ बारा. सीडी त्यात धरूनच आहे का ते आधी विचारा आणि सीडी तिथेच कॉम्प्युटरवर उघडून बघा. घराजवळच्या सेंटरकडून नंतर मेसेज आला होता, दर सहा महिन्यांनी फॉलोअप पेटचं पॅकेज, डिस्काउंटमधे. डॉक्टरांना दाखवला तर ते स्पष्ट नाही म्हणाले, आजार गेल्यावर काही लक्षण नसताना उगाच पेट करत बसायचा नाही, त्यात खोटे ठिपकेच जास्त सापडतात आणि पेशंट विनाकारण बायोप्सीला जातो. तपासणी आणि रक्त, आणि काही वाटलं तरच स्कॅन. सगळ्या लिम्फोमाला पेटचा सारखा उपयोग होतो असंही नाही, काही हळू वाढणारे प्रकार नीट चमकतच नाहीत, म्हणून आपला प्रकार कोणता ते विचारून घ्या.

एक राहिलंच, दादरच्या सेंटरला पार्किंग नाही आणि लिफ्टच्या आधी पाच पायऱ्या आहेत, केमोनंतर पाय गळालेल्या माणसाला त्या जड जातात. गेटवर वॉचमन काकांना सांगितलं तर ते व्हीलचेअर आणि मागचा रॅम्पचा दरवाजा उघडून देतात, आम्हाला हे तिसऱ्या खेपेला कळलं. आणि रस्त्याच्या पलीकडे सकाळी सातपासून चहा-इडलीवाला असतो, स्कॅन झाल्यावर टेक्निशियनने खायला हरकत नाही म्हटलं की सरळ तिथे. आईंनी शेवटच्या स्कॅननंतर तिथे दोन कप चहा घेतला, दोन्ही बिनसाखरेचे.